अळ्यांचा उपास

नवा माणूस भेटला की आपल्याकडे आधी गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि त्या दोन्हींतून जे समजून घ्यायचं ते समजून घेतात. मास्तर या भानगडीत पडत नसत. शिरपूरच्या शाळेत मी शिक्षक म्हणून हजर झालो त्याच दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, "तुमी काय खात नाही?"

मी बावीस वर्षांचा, वाशीमहून आलेला, गावात कोणी ओळखीचं नाही. मला वाटलं, हे जेवायला बोलावतायत. मी कारल्यापासून सुरुवात करून शेपूपर्यंत आलो. मास्तरांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. माणूस काय खातो त्यावरून काही कळत नाही, समोर आलं ते सगळेच खातात. भूक लागलेली असताना तो काय सोडून देतो ते पाहावं, असं त्यांनी मला समजावलं आणि ते निघून गेले. जेवणाचं बोलावणं काही आलं नाही. हाच प्रश्न ते अळ्यांनाही विचारतात, आणि माणसांपेक्षा अळ्यांची उत्तरं त्यांना जास्त पटतात, हे मला पुढच्या आठवडाभरात कळलं.

महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. गावात त्यांचं नाव अळीमास्तर. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी. हातांवर आणि ओठांच्या कडेला कोडाचे पांढरे डाग होते. शाळेत ते भूगोल आणि गणित शिकवत. भूगोल म्हणजे कोणत्या मुलखात कोणतं झाड होतं आणि त्या झाडाला कोण खातं, एवढाच त्यांचा विषय होता. नद्या आणि राजधान्या पोरांनी आपापल्या पाठ करायच्या. नकाशावर इटली दाखवा म्हटलं तर त्यांच्या वर्गातली पोरं तुती दाखवत, असं हेडमास्तर म्हणायचे. त्यात अतिशयोक्ती थोडीच होती.

शेटजींच्या कापडदुकानामागे अंगण होतं, अंगणात लिंबोणी होती, आणि तिच्यापलीकडे भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत मास्तर राहत. दुसरी रिकामीच पडलेली असे, ती मला मिळाली. ती रिकामी का असे, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मास्तरांच्या खोलीत कंदिलाच्या काचा होत्या. तडा गेलेल्या, काठ उडालेल्या, लोकांनी टाकून दिलेल्या काचा ते गावभरातून गोळा करून आणत. फळीवर ओळीने काचा उभ्या, प्रत्येकीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा बांधलेला, आत एक पान आणि पानावर एक अळी. लहान असताना ती पाखराच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यातून दोन तांबडी शिंगं काढून असा उग्र वास सोडते की माणूस दोन पावलं मागे सरतो. तिचंच पुढे काळं-पिवळं ठिपक्यांचं फुलपाखरू होतं. आपण सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं. मास्तरांनी त्याच्यापायी बारा वर्षं घालवली होती.

त्यांचा प्रश्न साधा होता. ही अळी लिंबू खाते, संत्रं खाते, कवठ खाते, बेल खाते, फोडणीतला गोडलिंब खाते. बाकी काही खात नाही. शेजारी आंबा असो, बोर असो, तिला मेलं तरी चालतं. उलट हरभऱ्यावरची घाटे अळी बघा. हरभरा संपला की तूर, तूर नसली तर कपाशीची पऱ्हाटी, तीही नसली तर अंबाडी. तिला सगळं चालतं. मग एकीला सगळं का चालावं आणि दुसरीला का चालू नये?

पुठ्ठे गेलेलं एक इंग्रजी पुस्तक त्यांच्याजवळ होतं. त्यातलं थोडं आणि स्वतःचं बरंच मिळवून त्यांनी उत्तर तयार केलं होतं, आणि रविवारी सकाळी पडवीत बसून ते मला ऐकवत. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते पानात विष करतं. बहुतेक किडे ते खाऊन मरतात. एखादी अळी कशीबशी टिकते. तिच्या पिल्लांतली काही टिकतात, त्यांच्या पिल्लांतली जास्त टिकतात, आणि अशा हजारो पिढ्या गेल्यावर ते पान तिच्या एकटीच्या मालकीचं होतं, कारण दुसरं कोणी त्याच्या वाटेला जात नाही. ज्या वासाने बाकीचे पळतात तोच तिला जेवणाचा वास वाटायला लागतो. मग ती त्यात इतकी गुंतते की दुसरं पान समोर असून तिला ते अन्न दिसत नाही. घाटे अळीला मात्र दहा विषांची थोडी थोडी तयारी ठेवावी लागते, म्हणून ती कुठेच पुरी घरची होत नाही.

यातली शहाणी कोण, असं मी एकदा विचारलं. लिंबोणी उभी आहे तोवर लिंबूवाली शहाणी, असं ते म्हणाले, आणि लिंबोणीकडे जरा काळजीने पाहिलं. काळजीचं कारण होतं. त्यांच्या अळ्यांसाठी रोज पानं तोडून तोडून झाड एका अंगाने बोडकं झालं होतं, आणि झाड शेटाणीबाईंचं होतं.

श्रावणात तर फारच अडचण झाली. लिंबोणीला हात लावायचा नाही असं बाईंनी बजावलं, म्हणून मास्तर बेलाकडे वळले. पण श्रावणात बेल अख्ख्या गावाला हवा असतो. महादेवाच्या देवळामागे टाकलेल्या निर्माल्यातून ते त्यातल्या त्यात ताजी पानं वेचताना लोकांनी पाहिलं, आणि मास्तर आता देवाच्या वाटेला लागले म्हणून काहींना बरं वाटलं. कोणी विचारलं तर ते बेलाचं एक पान आणि लिंबाचं एक पान चुरगळून त्याच्या नाकाशी धरत आणि दोन्ही एकाच घरातली आहेत हे पटवत. महादेवाला वरणावरच्या लिंबाचा भाऊबंद केलेला सगळ्यांनाच रुचत नसे.

आता मूळपुरुषाची हकिगत.

मास्तर अळ्यांना नको असलेली पानं देऊन पाहत. दहा काचांत करंजाचं पान, दहांत बोराचं, दहांत आंब्याचं. अळ्या पानावर चढत, तोंड लावत, थांबत, आणि पानावरच वाळून मरत. एखादी तरी वेगळी निघेल, तिची पिल्लं वाढवू, त्यांतली निवडू, आणि आपल्या हयातीत लिंबूवालीची करंजवाली करून दाखवू, असं त्यांच्या मनात होतं. बारा वर्षांत एकही निघाली नव्हती. आणि एका दुपारी एका अळीने करंजाच्या पानाची कड कुरतडली. नखाएवढी. मास्तरांनी शाळेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली. काचेवर त्यांनी "मूळपुरुष" अशी चिठ्ठी लावली आणि समोर मांडी घालून बसले. मूळपुरुष दुसऱ्या दिवशी सकाळी मेला.

ही बातमी शेटजींना कळली. शेटजी धर्माचे कडक. सूर्य मावळला की तोंडात पाण्याचा थेंब नाही, पावसाळ्यात पालेभाजी नाही, पावलाखाली मुंगी येऊ नये म्हणून चालताना नजर जमिनीवर. आपल्याच खोलीत अळ्या पाळल्या जातात, हे त्यांना ठाऊक होतं, आणि जीव पाळणं म्हणजे पुण्यच अशी त्यांची समजूत होती. त्या उपाशी मरतात, हे त्यांना त्या दिवशी समजलं. ते खोलीच्या दारात आले. आत यायचं त्यांनी टाळलं.

"मास्तर, माह्या घरात तुमी जीवाले उपाशी मारून राह्यले?"

मास्तर म्हणाले, मी मारत नाही. पान समोर ठेवलेलं आहे, ताजं आहे, दिवसातून दोनदा बदलतो. "खात नाही तेच. तुमच्याकडं याले उपासच म्हणतात ना?"

शेटजींनी फळीवरच्या काचांकडे पाहिलं. माणूस विचारी होता. उत्तर तोंडावर फेकायचं त्याच्या स्वभावात नव्हतं. "उपास मनानं धरते, तो," ते म्हणाले. "पोटात भूक असून, सोडायची मोकळीक असून, धरते तो. याह्यले कुठं मोकळीक हाये?"

बारा वर्षांत मास्तरांना कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. अळीला सोडायची मोकळीक आहे का? की ते तिच्या हजार पिढ्यांनी आधीच ठरवून टाकलंय?

शेवटी तडजोड झाली. दिवसभर कुठलंही पान द्या. पण सूर्य मावळायच्या आत प्रत्येक अळीला तिचं पान मिळालं पाहिजे. शेटजी रोज स्वतःचं जेवण उरकून हातात पाण्याचा लोटा घेऊन दारात उभे राहत आणि काचा मोजत. लिंबोणीवरची बंदीही उठली, कारण शेटजींनीच बाईंना सांगितलं की घरात पाहुणे आहेत. मास्तरांचा प्रयोग अर्थातच मातीत गेला. दिवसभर आंब्यावर रुसून बसायचं आणि संध्याकाळी लिंबावर ताव मारायचा, हे अळ्यांच्या अंगवळणी पडलं. मास्तर म्हणत, शेटजींनी माझ्या अळ्यांना दीक्षा दिली.

त्यांचा खरा शोध मात्र त्यांनी लावलाच नाही. तो गयाबाईने लावला.

गयाबाई ही गावाच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी वावर असलेली, साठीकडे आलेली शेतकरीण. तिला थोडं औषधपाणी कळे. कोडाला बावचीच्या पाल्याचा रस लावायचा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात हात धरून बसायचं, असं तिने मास्तरांना सांगितलं होतं आणि आठ-पंधरा दिवसांनी ती पाला आणून देई. गुण यायचा नाही हे मास्तरांना मनातून ठाऊक असावं. तरी ते लावत. कधी ऊन जास्त झालं की हातावर फोड येत, ते फुटत, आणि ते पुन्हा लावत.

एक दिवस पाला ठेवता ठेवता तिची नजर काचांवर गेली. ती म्हणाली, "हा किडा तं आमच्या धुऱ्यावर ढीगभर हाये."

मास्तरांनी विचारलं, धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, लिंबू आहे का? नाही. कवठ? नाही. बेल? तोही नाही. मग तो हा किडा नव्हे, असं ते म्हणाले. जरा तुसडेपणानेच म्हणाले; बारा वर्षं या एकाच अळीत घालवलेला माणूस होता तो.

"त्याले लिंबू कायले पायजे?" गयाबाई म्हणाली. "तो बावचीवर जगून राह्यला."

मास्तर हसले. बावचीचं फूल, शेंग, सगळं तुरीच्या आणि हरभऱ्याच्या घराण्यातलं. लिंबाशी तिचं नातं सात पिढ्यांत नाही. हे त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. ती ऐकून गेली, आणि दुसऱ्या दिवशी मुळासकट उपटलेलं बावचीचं झाड घेऊन आली. त्यावर चार अळ्या होत्या. मास्तरांनी काडीने एकीला डिवचलं. तांबडी शिंगं बाहेर आली.

मी त्या दिवशी शेजारीच होतो. मास्तरांनी सगळ्या काचांतली पानं काढली, बावचीचं एकेक पान ठेवलं आणि बसले. लिंबावर वाढलेल्या त्यांच्या अळ्या पानावर चढल्या, तोंड लावलं, थांबल्या नाहीत. खायला लागल्या. बावची बारा वर्षं त्यांच्या दारासमोर, रस्त्याच्या कडेला, पायाखाली उगवत होती. शेवटचे सहा महिने तर ती त्यांच्या हातांवर होती.

दोन दिवसांनी त्यांनी मला पडवीत बोलावून दोन्ही पानं माझ्या हातावर चुरगळली. "वास घ्या." मी घेतला. लिंबाचा वेगळा, बावचीचा वेगळा. पण दोन्हींच्या तळाशी काहीतरी एकसारखं होतं, कडवट, औषधी. "आपण फूल पाहून घराणं ठरवतो," ते म्हणाले. "तिनं फूल कधी पाह्यलंच नाही. दोन झाडांनी आपापल्या ठिकाणी एकच विष केलं असंल. तिले तेवढंच ओळखू येते."

मोठ्या आनंदात त्यांनी किडे जाणणाऱ्या एका मोठ्या साहेबाला इंग्रजीत पत्र लिहिलं, चार वेळा खोडून, माझ्याकडून अक्षर सुधारून घेऊन. दीड महिन्याने उत्तर आलं. ही गोष्ट जाणकारांना पुष्कळ वर्षांपासून माहीत आहे, आपल्या आस्थेबद्दल आभार. मला वाटलं, आता हे मोडून पडणार. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं आणि "म्हणजे खरं हाये," असं म्हणाले. मग ते नाल्याकडे गेले आणि गयाबाईला सांगून आले की तुझं म्हणणं साहेबालाही मान्य आहे. साहेबाला कोणी सांगितलं, असं तिने विचारलं म्हणे.

पुढच्या वर्षी त्यांची किन्हीराजाला बदली झाली. काचा गाडीत गवतावर निजवून त्यांनी नेल्या. अनसिंगच्या एका लग्नात मला ते एकदा दिसले, तेव्हा हातांवरचे डाग कोपरापर्यंत गेले होते आणि ते एका व्याह्याला तो काय खात नाही ते विचारत होते. त्यानंतर भेट नाही. ते वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं. पण मला सांगायचंय ते बदलीच्या आधीचं, त्या श्रावणामागोमाग आलेल्या भाद्रपदातलं.

त्यासाठी एक गोष्ट आधी कबूल केली पाहिजे. एका पडवीत राहून मी चूल वेगळी मांडली होती आणि माठ वेगळा ठेवला होता. मास्तरांनी दिलेला सुपारीचा तुकडासुद्धा मी खिशात टाकत असे आणि मागाहून फेकून देत असे. कोड लागत नाही हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात पोरांना शिकवलंही होतं. पण माझं लग्न ठरत होतं, मुलीकडच्यांनी मी कोणाबरोबर राहतो याची चौकशी केली होती, आणि मी त्यांना एकटा राहतो म्हणून कळवलं होतं. मास्तरांना या माठाचा अर्थ कळत नव्हता असं मला तेव्हा वाटे.

तर भाद्रपदात एका सकाळी ते अंगणात उभे होते. दोन्ही हातांना बावचीचा ताजा रस, उजव्या हातात नुकतीच तोडलेली लिंबाची डहाळी, आणि हात उन्हात पुढे धरलेला. शेटाणीबाई ओटीवर धान्य निवडत होत्या. फुलपाखरू लिंबोणीवरून आलं, डहाळीभोवती फिरलं आणि त्यांच्या हातावर बसलं. पुढच्या पायांनी ते कातडीवर टकटक करत होतं. मास्तरांनी श्वास धरलेला मला दिसला. मग फुलपाखराने पोट वाकवलं, क्षणभर टेकवलं, आणि ते उडालं. मधल्या बोटाच्या सांध्याखाली, पांढऱ्या डागाच्या मधोमध, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं पिवळसर अंडं होतं.

बाई उठून जवळ आल्या. मास्तरांना पाणी द्यायचं तर त्या वरून धार धरत. इतक्या जवळ आलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं. "त्याले तं काही फरक नाही वाटला," त्या म्हणाल्या, आणि लगेच आत गेल्या.

शेटजींनी निकाल दिला: हा जीव आहे आणि तो घरच्या अंगणात आलेला आहे. हात धुवायचा नाही, चुलीच्या धगीशी न्यायचा नाही. शाळेत मास्तर उजवा हात छातीशी धरून गेले आणि डाव्या हाताने फळ्यावर वेडीवाकडी गणितं लिहिली. जेवण शेटजींच्या घरून आलं. ताट पडवीत ठेवून बाईंनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने जेवणारा माणूस त्या घराला पाहवला नसता.

"तुमी भरवा," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी मी चमच्याने भरवलं. भाताचा घास आणि त्यांचे ओठ यांच्यामध्ये चमच्याची लांबी राहील असा बसलो होतो. मास्तर खात होते. एकीकडे अंड्यात अळी कशी फिरते ते सांगत होते, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी ताटात पोळी होती, आणि पोळी चमच्याने भरवता येत नाही. मी तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि हात पुढे केला. त्यांचे ओठ माझ्या बोटांना लागले. कोमट होते, इतकंच. दोन्ही वेळचं जेवण, तीन दिवस, मी असं भरवलं. तिसऱ्या दिवशी हात धुवायला मी उठलो नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

चौथ्या दिवशी सकाळी अंडं काळसर झालं आणि फुटलं. शेटजी, बाई आणि मी, तिघंही भोवती वाकलो होतो. दोरीच्या तंतूएवढी अळी बाहेर आली, तिने आधी आपलं टरफल खाल्लं, मग मास्तरांच्या बोटाला तोंड लावलं आणि थांबली. तिने दोन-तीन जागी पाहिलं. मास्तरांनी कोवळं पान नखाशी टेकवलं. ती चढली आणि खाऊ लागली. शेटजींनी हात जोडले. मास्तर तीन दिवसांनी हात धुवायला रांजणाकडे गेले.

त्या दिवशी संध्याकाळी शाळेतून आलो तर मास्तर लिंबोणीखाली बसले होते. पानांवर फुलपाखरांनी घातलेली अंडी ते गोळा करत होते. कापसाची वात पाण्यात बुडवायची, अंड्याला हलकेच लावायची, अंडं सुटून वातीवर येतं. एकामागून एक, एकही न फुटता, दहा-बारा अंडी त्यांनी माझ्यासमोर अशी उचलली.

मी बघत राहिलो. मग विचारलं, "मास्तर, हातावरचंही असंच उचलता आलं असतं?"

"आलं असतं," ते म्हणाले. त्यांनी आणखी एक अंडं उचललं, काचेत ठेवलं, मलमल बांधली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "आज भाकर कोण टाकते? तुमी का मी?"

"तुम्ही टाका," मी म्हणालो. "दोघांची."